चौकटीची हद्द

मोजणीच्या नोकरीत ज्याचे अर्धे आयुष्य उन्हात गेले, त्या मनुष्याने सुटीच्या दिवशी गळ्यात कॅमेरा अडकवून पुन्हा त्याच उन्हात हिंडावे, आणि तेही माणसांच्या मुखचर्या टिपण्यासाठी नव्हे तर सडे, शेते, नद्या आणि डोंगर यांच्यासाठी, ही गोष्ट माझ्या कचेरीतील सहकाऱ्यांना नेहमीच चमत्कारिक वाटत आली. जी जमीन आठवडाभर टेपाने मापावयाची, जिच्या बांधावर उभे राहून दोन सख्खे भाऊ आपापली कैफियत आपल्या दोन कानांत एकाच वेळी ओतत असतात, तीच जमीन रविवारी हौसेने पाहावयास जाण्यात कसले आले आहे सुख, असा त्यांचा सवाल असे. आणि तो अगदीच गैरवाजवी होता असे मला म्हणवत नाही. तथापि निसर्गदृश्यांच्या छायाचित्रणात मला जे थोडेफार उमगले, ते त्या विषयावरील ग्रंथांपेक्षा भूमापनाच्या या रूक्ष कामानेच अधिक शिकविले, अशी माझी खात्री आहे आणि तिचीच हकिगत येथे सांगावयाची आहे.

माझी बहुतेक नोकरी पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत झाली. हे दोन्ही मुलूख नव्या काबिजादींतले, म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत सावंतवाडीकरांच्या हातून पोर्तुगीजांच्या अमलाखाली गेलेले; त्यामुळे बोलीने, चालीरीतींनी आणि जमीनधाऱ्याच्या वळणानेही ते सासष्टीपेक्षा सिंधुदुर्गाला अधिक जवळचे. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, १९६८ साली जमीन महसूल संहिता आली आणि त्यानंतर गावोगावची जमीन नव्याने मोजली जाऊन १:१००० प्रमाणाचे नकाशे सिद्ध झाले. मी खात्यात रुजू झालो तेव्हा ती मूळ मोजणी आटोपली होती. आमच्या वाट्याला आले ते वाटणीचे पोटहिस्से, हद्दींचे कज्जे आणि एक-चौदाच्या उताऱ्यावरील नावे व प्रत्यक्ष जमिनीवरील कुंपणे यांच्यातील तफावत. मात्र प्लेन टेबल लावण्यात ज्यांची हयात गेली अशी जुनी मंडळी अजून कचेरीत होती आणि त्यांच्या हाताखाली काही काळ काढण्याचे भाग्य मला लाभले.

ज्याने ते काम पाहिलेले नाही त्याच्यासाठी एवढेच सांगतो, की तिपाईवर एक सपाट फळा समतल बसवून त्यावर कागद ताणून लावावयाचा, दर्शपट्टीतून दूरच्या आंब्यावर, देवळाच्या कळसावर किंवा हद्दीच्या दगडावर नजर धरून त्या दिशेने रेघ ओढावयाची, मग सारा सरंजाम उचलून दुसऱ्या ठाण्यावर न्यावयाचा आणि त्याच वस्तूंकडे पुन्हा रेघा ओढावयाच्या. दोन रेघा जेथे छेदतील तेथे ती वस्तू नकाशावर मुक्रर झाली. यातील सारे यशापयश ठाणे कोठे निवडले यावर अवलंबून असते. रेघा फार अरुंद कोनात छेदल्या तर छेदबिंदू संशयास्पद होतो, आणि माड व कळस एकाच रेषेत आले तर एकाच्या आड दुसरा लपतो. म्हणून जाणता मोजणीदार टेबल मांडण्याआधी सगळी हद्द एकदा पायी फिरून येत असे, आणि त्या फेरफटक्यात हातात काहीही न घेता नुसते पाहत असे. उन्हाची वेळ साधून काम लवकर उरकावे अशी घाई आम्हा तरुणांना असे, पण आमचे एक वरिष्ठ, ज्यांच्या नकाशांत कधी तफावत निघाली नाही, ते शांतपणे पानाचा विडा लावीत म्हणत, “आधी पायांनी मोजा, मग डोळ्यांनी, आणि मग टेपाने.” हा क्रम मी पुढे कॅमेऱ्यालाही लावला.

माझ्या हाती प्रथम आला तो त्या काळी घरोघरी दिसणारा अॅग्फा क्लिक थ्री. एका रोलावर बारा चौरस चित्रे, फिरविण्यासारखे फारसे काही नाही, आणि म्हणूनच शिकावयास उत्तम. पुढे एक जुना दुहेरी भिंगांचा याशिका मिळाला, ज्याच्या वरच्या घोटीव काचेवर खाली मान घालून दृश्य पाहावे लागे आणि ते दृश्य डावे-उजवे उलटे दिसे. नवख्याला हा मोठा उपद्रव वाटतो. मला मात्र त्याचा फार लाभ झाला. जो किल्ला, जो बांध, जो माड आपण नावानिशी ओळखतो तो उलटा दिसताच त्याची ओळख पुसली जाते आणि शिल्लक राहतात ते केवळ आकार, उजेडाचे पट्टे आणि काळोखाचे ढिगारे. मग हा ढिगारा फार जड झाला, हा पट्टा कडेला जाऊन तुटला, असे दोष आपोआप नजरेत भरू लागतात. आज अंकीय कॅमेरा वापरतानाही एखाद्या चित्राविषयी मन साशंक झाले की मी ते संगणकावर उलटे करून पाहतो.

आता ठाण्याची गोष्ट. पेडणे तालुक्याच्या उत्तर टोकाला, तेरेखोल नदीच्या पलीकडच्या तीरावर, तेरेखोलचा किल्ला आहे. सावंतवाडीकरांचा हा किल्ला १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतला आणि १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा फडकविला, म्हणून तो जमिनीच्या बाजूने महाराष्ट्राच्या भूमीने वेढलेला असूनही गोव्याच्या इतिहासात मानाने बसला आहे. अलीकडच्या तीरावरील केरीच्या वाळूवरून तो वायव्येला दिसतो: खाली खडकाळ उतार, वर लांबट तटबंदी आणि मध्ये नदीचे मुख. येथे येणारा जो तो सुरूच्या झाडांतून बाहेर पडल्या पडल्या, जेथे प्रथम किल्ला दिसतो तेथेच उभा राहून चित्र घेतो. आणि त्या ठिकाणाहून बहुधा एखादी नांगरलेली होडी तटाच्या बरोबर खाली येते, तिची डोलकाठी भिंतीत घुसते आणि दोन्ही वस्तूंची शोभा जाते. पन्नास पावले डावीकडे गेले की होडी मोकळ्या पाण्यावर येते आणि किल्ला आपल्या टेकडीवर एकटा राहतो. भिंग बदलून हे साधत नाही. दूरची वस्तू मोठी करणारे भिंग लावले तरी डोलकाठी भिंतीतच राहते, फक्त अधिक ठळकपणे. वस्तूंचे परस्परांशी असलेले नाते हे केवळ उभे राहण्याच्या जागेने बदलते आणि भिंग त्यातील किती भाग दाखवावयाचा एवढेच ठरविते, ही गोष्ट ज्याने दोन ठाण्यांवरून एकाच कळसाकडे रेघा ओढल्या आहेत त्याला वेगळी शिकवावी लागत नाही.

उभे राहण्याच्या जागेइतकेच महत्त्व उभे राहण्याच्या महिन्याला आहे. गोव्याच्या अक्षांशावर जून महिन्यात सूर्य पश्चिम बिंदूच्या सुमारे २४ अंश उत्तरेस मावळतो आणि डिसेंबरात तितकाच दक्षिणेस. म्हणजे समुद्राच्या क्षितिजावर त्याची वर्षभराची येरझार जवळजवळ ४८ अंशांची होते. डिसेंबर-जानेवारीत केरीवरून किल्ला पाहिला तर नैर्ऋत्येचा तिरपा प्रकाश तटावर पडून चिऱ्यांच्या ओळी आणि बुरुजांच्या गोलाया उठून दिसतात. एप्रिल संपत आला की सूर्य किल्ल्याच्या बाजूला सरकतो, भिंती काळवंडतात आणि टेकडीची केवळ बाह्यरेषा उरते. दोन्ही चित्रे चांगली होऊ शकतात, परंतु ती दोन निराळ्या किल्ल्यांची वाटतात. पर्यटनाच्या पुस्तिकांत सूर्यास्तासाठी जागा सुचविलेल्या असतात, महिने मात्र सुचविलेले नसतात.

समुद्रकिनाऱ्यावरील चित्रे बहुधा रिकामी निघतात, ही हौशी लोकांची नेहमीची तक्रार आहे, आणि तिचे कारण समुद्रात नसून पायांशी आहे. पेडण्याचा भूभाग आडवा पसरलेला. सडा आडवा, खाडी आडवी, वाळू आडवी, क्षितिज तर आडवेच. अशा ठिकाणी दूरच्या वस्तूने चित्र उभे राहत नाही, त्याचा पाया जवळच्या वस्तूने घालावा लागतो. हे मला नीट उमजले ते आगरवाड्याच्या मिठागरांत. शापोरा नदीच्या काठी ही आगरे आहेत. भरतीचे पाणी मानशीच्या दारातून आत घेऊन मोठ्या कप्प्यांत साठवावयाचे, ते उन्हाने दाट होत गेले की पुढच्या, त्याहून लहान कप्प्यांत सोडावयाचे आणि शेवटच्या चौकोनांत मीठ धरू लागले की लांब दांड्याच्या लाकडी फळीने ते बांधावर ओढावयाचे, असा हा शेकडो वर्षांचा शिरस्ता. मार्च-एप्रिलात सकाळी तेथे गेलो तर चौकोनाचौकोनांतून आकाश पडलेले असते, बांधाच्या कडेला मिठाची दाणेदार, किंचित करडी किनार धरलेली असते आणि हाताने ती उचलली तर तिच्या खालच्या अंगाला चिखलाचा पातळ तवंग चिकटलेला दिसतो.

मोजणीदाराच्या दृष्टीने याहून सोपे दृश्य नाही, कारण निसर्गानेच जणू पोटहिस्से पाडून ठेवले आहेत. पण चित्र म्हणून ते फार अवघड. उंच बांधावर उभे राहून पाहिले तर सारे चौकोन सुटे सुटे, समान महत्त्वाचे दिसतात आणि चित्राचा नकाशा होतो. गुडघ्यावर बसून पाहिले तर पलीकडचे चौकोन एकमेकांत मिसळून पाण्याची एक चकचकीत फीत तेवढी उरते. या दोहोंच्या मध्ये, माझ्या अनुभवाने साधारण छातीच्या उंचीवर, अशी एक पातळी सापडते की जेथून सर्वांत दूरचे दोन कप्पे एकमेकांपासून जेमतेम विलग राहतात आणि जवळचा कप्पा ऐसपैस पसरतो. त्या पातळीवर तिपाईची उंची कायम करावी, मग पुढे-मागे होऊन एखाद्या बांधाचा कोपरा चित्राच्या खालच्या भागात आणावा, की दृष्टी त्या बांधावरून चालत मिठाच्या ढिगापर्यंत आणि तेथून पलीकडच्या माडांपर्यंत जाते. जवळची किनार आणि दूरचे माड दोन्ही स्पष्ट यावयाचे असतील तर २८ मिलिमीटरच्या भिंगाचे छिद्र एफ ११ इतके ठेवून फोकस सुमारे अडीच मीटरवर धरावा. सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सर्व काही पुरेसे रेखीव उतरते. पुष्कळ जण फोकस क्षितिजावर धरून बसतात आणि ज्या मिठासाठी एवढ्या सकाळी उठले तेच धूसर करून घरी नेतात.

किनाऱ्यावर दुसरा आधार माणसांचा. मोरजी, हरमल, केरी या किनाऱ्यांवर अजून रापण ओढली जाते. होडी जाळे सोडीत समुद्रात अर्धवर्तुळ काढून परत येते आणि दोन्ही टोकांच्या दोरांना माणसे लागतात. सुरुवातीला या दोन रांगा परस्परांपासून इतक्या दूर असतात की एका चौकटीत त्या मावत नाहीत, आणि जसजसे जाळे जवळ येते तसतशा त्या एकमेकींकडे सरकत येतात. त्या दोन रांगांमधील अंतर आणि त्यांच्या मधून दिसणारी लाट यांचा मेळ बसेपर्यंत थांबणे, एवढेच छायाचित्रकाराचे काम. एकदा असाच थांबलो असता दोर ओढून दमलेला एक वृद्ध रापणकार माझ्याकडे बघत म्हणाला, “सायबानू, तुमच्या पेटयेत दर्या मावता, पूण नुस्तें मावना.” त्याच्या बोलण्यातील खोच बाजूला ठेवली तरी, जे चौकटीत मावत नाही त्याची आठवण देणारा मनुष्य जवळ असणे बरे असते. मासळी वाळूवर पडू लागली की तिच्याभोवती गर्दी होते, चित्र संपते आणि मग मीही पिशवी पुढे करून रांगेत उभा राहतो.

येथे त्या प्रसिद्ध तृतीयांशाच्या नियमाविषयी बोलणे भाग आहे, कारण कॅमेऱ्याच्या पडद्यावर दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा दिसू लागल्यापासून तो नियम म्हणजे जणू सरकारी परिपत्रक झाला आहे. १७९७ साली जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज उत्कीर्णकाराने ग्रामीण दृश्यांवरील आपल्या पुस्तकात तो प्रथम या नावाने मांडला, आणि त्याचा रोख मुख्यतः असा होता की चित्रात उजेड आणि काळोख, जमीन आणि आकाश हे समसमान वाटे करून बसवू नयेत. त्यातील तात्पर्य रास्त आहे. पण आगरातील पाण्यात आकाश जसेच्या तसे उतरले असेल तेव्हा क्षितिज मधोमध ठेवण्यावाचून गत्यंतर नसते आणि पावसाळ्याच्या तोंडी सड्यावर ढग दाटले असतील तेव्हा जमिनीला तृतीयांश देणे हीही उधळपट्टी ठरते. वाटणीचे दावे ज्याने हाताळले आहेत त्याला ठाऊक असते की हिस्से समान पाडणे नेहमीच न्याय्य नसते. विहीर कोणाकडे आणि वाट कोणाकडे हे पाहावे लागते.

सड्याचे नाव निघालेच आहे तर मोप्याचा उल्लेख टाळता येत नाही. जांभ्या दगडाचा हा विस्तीर्ण माळ उन्हाळ्यात काळाठिक्कर आणि ओसाड दिसे; परंतु जूनच्या पावसानंतर दगडाच्या खळग्यांत बोटभर माती आणि बोटभर पाणी साठले, की निळ्याजांभळ्या सीतेच्या आसवांचे आणि गेंदाच्या पांढऱ्या गोंड्यांचे ताटवे उमटत. त्यांचे चित्र घ्यावयाचे तर पोटावर पालथे पडावे लागे, आणि ध्रुवक काच भिंगापुढे लावून ती हळूहळू फिरवीत ओल्या दगडावरची पांढरी चमक पुसावी लागे. चमक गेली की जांभ्याचा खरा तांबूस-काळा वर्ण वर येतो आणि फुले त्यावर जडविल्यासारखी दिसतात. त्या सड्यावर आता मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने ये-जा करू लागली. माझ्या जुन्या चित्रांतील क्षितिजरेषा त्यामुळे दस्तऐवजाच्या मोलाची झाली, याचा आनंद मानावा की विषाद, हे मी ठरविलेले नाही. शेजारच्या गावांच्या सड्यांवर फुले अजून येतात.

पेडण्यातून माझी बदली डिचोलीस झाली तेव्हा हे सारे शिक्षण निरुपयोगी झाल्यासारखे वाटले. डिचोली हा दऱ्याखोऱ्यांचा, कुळागरांचा, अरुंद नद्यांचा तालुका. तेथे क्षितिजच दिसत नाही. नार्वे येथे सप्तकोटेश्वराचे देवालय आहे, ज्याचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली करविला. झाडीने वेढलेल्या त्या परिसरात पोफळींच्या शेकडो उभ्या सरळ खोडांमधून आणि त्यांच्या झावळ्यांमधून आकाशाचे पांढरे तुकडे डोळ्यांत खुपत असतात. पेडण्यात चौकटीत काय घालावे हा प्रश्न होता; येथे काय काढावे हा झाला. पेडण्यात चित्राची उभारणी पायांपासून करावी लागे, डिचोलीत ती कडांपासून करावी लागते.

आणि कडांच्या बाबतीत मला उपयोगी पडली ती खरेदीखतातील चतुःसीमा. कोणत्याही जुन्या खतात मिळकतीचे वर्णन करताना पूर्वेस अमक्याची बाग, पश्चिमेस ओहोळ, दक्षिणेस देवस्थानची जमीन, उत्तरेस सार्वजनिक वाट, अशा चार सीमा लिहिलेल्या असतात. मिळकत आत कितीही संपन्न असो, चतुःसीमा नीट नसेल तर खत कुचकामाचे. मी कॅमेऱ्याच्या काचेतून पाहताना, कळ दाबण्यापूर्वी, नजर मध्यावरून काढून चारी कडांवरून सावकाश फिरवितो आणि मनाशी चतुःसीमा म्हणतो: डावीकडे एका पोफळीचे अर्धे खोड, ते पूर्ण घ्यावे किंवा पूर्ण सोडावे, वर झावळीच्या आडून आलेला आकाशाचा तुकडा, तो जावयास हवा म्हणून दोन पावले पुढे, उजवीकडे विजेची तार, खाली माझीच सावली. एवढे झाले की मध्यभाग बहुधा आपली काळजी आपण घेतो. हौशी छायाचित्रकाराची दृष्टी विषयावर खिळलेली असते आणि चित्र बिघडते ते मात्र कडेला, हे मी इतरांच्या आणि स्वतःच्या चित्रांत सारखेच पाहत आलो आहे.

हरवळ्याच्या धबधब्यापाशी हीच परीक्षा अधिक कठीण होते. साखळीजवळचे हे स्थान. रुद्रेश्वराचे देऊळ, जांभ्यात कोरलेली प्राचीन लेणी आणि पावसाळ्यात प्रचंड नाद करीत कोसळणारे पाणी असा येथे योग आहे. येथे येणारा प्रत्येक जण धबधबा माथ्यापासून पायथ्यापर्यंत चौकटीत कोंबावयास पाहतो, आणि वरचे ढगाळ आकाश पाण्यापेक्षाही पांढरे असल्याने चित्राचा सारा जोर तेथेच निघून जातो. आकाश निःशंकपणे कापावे, असे माझे मत आहे. पाणी कोठून येते हे न दाखविल्याने ते अधिक उंचावरून येते असे वाटते. दुसरा वाद शटरच्या गतीचा. अर्धा-अर्धा सेकंद शटर उघडे ठेवून पाण्याचा दुधासारखा पडदा करण्याची जी रीत रूढ झाली आहे ती मला मानवत नाही, कारण श्रावणातील हरवळ्याचे पाणी गढूळ, जड आणि रागीट असते आणि त्या चित्रांत ते आजारी माणसाच्या पेजेसारखे निःसत्त्व दिसते. एकपंधरांश सेकंदाच्या आसपास ठेवले तर धारांची ओढही कळते आणि त्यांचे तुटणेही. भिंगावरचे तुषार पुसण्यासाठी सुती रुमाल बरोबर असावा, आणि तो एक असून भागत नाही.

डिचोलीतील ज्या विषयाकडे मी शेवटी येणार हे या तालुक्याला ओळखणाऱ्याने केव्हाच ताडले असेल. पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या काळात येथे लोहखनिजाच्या खाणी वाढल्या आणि मुक्तीनंतर त्या पसरल्या. डोंगर खाली गेले आणि त्यांच्या शेजारी काढलेल्या मातीचे नवे डोंगर वर आले. २०१२ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने गोव्यातील खाणकाम थांबले, ते पुन्हा सुरू झाले, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविल्यावर मार्चच्या मध्यापासून पुन्हा बंद पडले. या बंदीच्या वर्षांत खोल खंदकांत पावसाचे पाणी साचले आणि त्याला असा काही हिरवा-निळा वर्ण चढला, की पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेल्या तांबड्या कड्यांमध्ये तो पाहून क्षणभर श्वास रोखावा. दुपारच्या उन्हात, जेव्हा इतर सर्व दृश्ये मरगळतात, तेव्हा हे खंदक सर्वांत सुंदर दिसतात.

चतुःसीमेचा प्रश्न येथे निव्वळ शोभेचा राहत नाही. एका खेड्यात शेत, शेताच्या कडेला घुमटी, मागे फणसांची रांग आणि त्याच्याही मागे मातीचा तो लालभडक कृत्रिम डोंगर असे दृश्य मला परिचयाचे होते. थोडे खाली बसून आणि लांब भिंग लावून पाहिले की डोंगर फणसांमागे लपे आणि चित्र शंभर वर्षांपूर्वीचे वाटे. उभे राहून साधे भिंग लावले की डोंगर साऱ्या दृश्यावर ओणवा होई. एखाद्या खतात एक सीमा लपविली तर ते खत दिवाणी कचेरीत टिकत नाही. पण छायाचित्र हे खत नव्हे, आणि फणसांपुढची ती घुमटी खोटी नव्हती. मी दोन्ही चित्रे घेतली. सुटे सुंदर चित्र कोणाला भेट द्यावयाचे झाले तर बहुतेक जण पहिले निवडतात. ज्यांची त्या शेतात नांगरट होते त्या घराने मात्र दुसरे मागून घेतले, कारण पावसात शेतात उतरणारी तांबडी माती कोठून येते हे त्यांना मुंबईच्या जावयाला दाखवावयाचे होते. पट्ट्यांचे लिलाव होऊन तालुक्यात आता पुन्हा खाणकाम सुरू झाले आहे, आणि खंदकांतील ते हिरवे पाणी उपसले गेले की माझी दुपारची चित्रे संपतील, अशी एक स्वार्थी हुरहुर मनात येते. ती मी येथे नोंदवून ठेवतो, एवढेच.

कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या तळ्याकाठी वर्षानुवर्षे तेच पाणी आणि तीच झाडे रंगवीत राहिले, याचे मला पूर्वी नवल वाटे. आता वाटत नाही. मयेच्या तलावाचे एक ठाणे माझे असे ठरलेले आहे, काठावरच्या एका खडकाची खूण धरून. तेथून धुक्यात पलीकडची टेकडी दिसते, न दिसते, आणि कधी केवळ तिचे पाण्यातील प्रतिबिंब दिसते, टेकडी नाहीच. नव्या जागा शोधीत फिरण्यापेक्षा एका जागेची वेगवेगळी दप्तरे जमविणे मला अधिक मानवते, मग तो वयाचा परिणाम असो की नोकरीचा.

हल्ली माझा भाचा ड्रोन घेऊन येतो. मोप्याच्या विमानतळाभोवती त्यावर निर्बंध असल्याने पेडण्यात त्याला फारसा वाव मिळत नाही, म्हणून तो डिचोलीकडे वळला आहे, आणि मये, आमठाणे, नार्वे यांची वरून घेतलेली त्याची चित्रे पाहणारे थक्क होतात. “मामा, तुम्ही अजून दोन पावले डावीकडे, दोन पावले उजवीकडे करीत बसला आहात, हे बघा, सगळे एकाच वेळी दिसते,” असे तो मला सुनावतो, आणि ते खरेच आहे: कुळागराच्या पोफळींची नुसती डोकी, ओहोळाची वळणे, शेतांचे चौकोन, सारे एका पातळीवर, कशाच्या आड काही नाही, पुढे काही नाही आणि मागे काही नाही. असेच दृश्य काढण्याचा पगार मी सरकारकडून निवृत्तीपर्यंत घेतला. परवा त्याने आमठाण्याचे चित्र मोठे छापून मला भेट दिले, तेव्हा मी कपाटातून जुनी बोरूची लेखणी काढून त्याच्या कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण आणि खाली प्रमाणपट्टी काढून दिली. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही.